कांजिण्या आणि नागीण : इंदूरच्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी उलटली की इंदुरात एकीकडे रंगपंचमीच्या गेरची, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीची, तयारी सुरू होते आणि दुसरीकडे शाळांतून कांजिण्यांच्या चिठ्ठ्या यायला लागतात. नागिणीला मात्र ऋतू नाही. दोन्हींच्या मागे एकच विषाणू आहे आणि तो पेशीत काय करतो ते कळलं की पथ्यपाण्याचे बरेच वाद आपोआप मिटतात. म्हणून खालची काही उत्तरं मुद्दाम लांब आहेत.

माता, छोटी माता, कांजिण्या, नागीण : यातलं काय वेगळं आणि काय एक?

आजी ‘कांजिण्या’ म्हणते, शेजारच्या काकी ‘छोटी माता’ म्हणतात आणि डॉक्टर कागदावर ‘व्हॅरिसेला’ लिहितात. तिन्ही एकच. ‘बडी माता’ म्हणजे देवी. तो विषाणू निराळ्याच कुळातला, भारतात त्याचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं. तेव्हा आज घरात ‘माता आली’ असं कोणी म्हणालं तर बहुधा कांजिण्या, क्वचित गोवर.

नागीण हा बाहेरून येणारा वेगळा रोग नाही. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की विषाणू शरीरातच दडून बसतो आणि वर्षांनुवर्षांनी पुन्हा उठतो. तो दुसरा फेरा म्हणजे नागीण, वैद्यकातलं नाव हर्पिस झोस्टर. म्हणूनच विषाणूला जोडनाव मिळालं : व्हॅरिसेला-झोस्टर. इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर गावचे साधे फॅमिली डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांनी वर्षानुवर्षं आपल्याच रुग्णांच्या नोंदी ठेवून १९६५ साली ही दडून बसण्याची कल्पना नीट मांडली. पुढे प्रयोगशाळांनी ती खरी ठरवली.

‘हर्पिस’ शब्द वाचून घरात शांतता पसरली. हा ‘तसला’ आजार आहे का?

नाही. माणसाला होणारे हर्पिस कुळातले विषाणू नऊ. त्यातला एक तापानंतर ओठाच्या कडेला फोड आणतो, एक मुख्यतः लैंगिक संबंधातून जातो, आणि कांजिण्या-नागिणीचा हा तिसरा. आडनाव एक, म्हणून वागणं एक असं होत नाही. नागिणीचा आणि चारित्र्याचा काडीचाही संबंध नाही.

नावाची गंमत अशी, की ‘हर्पिस’ ज्या ग्रीक धातूपासून आला त्याचा अर्थ सरपटणं, आणि आपला ‘सर्प’ हा शब्दही भाषेच्या त्याच मुळातून निघालेला. ‘नागीण’ म्हणणाऱ्यांनी आणि ‘हर्पिस’ म्हणणाऱ्यांनी एकमेकांना न विचारता एकच चित्र पाहिलं.

हा विषाणू पेशीत शिरतो तरी कसा?

आधी त्याची बांधणी पाहू. मधोमध दुपदरी डीएनएचा एक धागा, साधारण सव्वा लाख अक्षरजोड्यांचा, त्यात सत्तरेक जनुकं. या धाग्याभोवती वीस पैलूंची प्रथिनांची कडक डबी. डबीभोवती कामाच्या प्रथिनांचा दाट थर. आणि सर्वांत बाहेर स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण, त्यावर साखर लागलेल्या प्रथिनांचे काटे. सगळं मिळून रुंदी १५० ते २०० नॅनोमीटर. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये पाच हजारांहून अधिक कण ओळीने बसतील.

बाहेरचं आवरण हीच त्याची किल्ली आणि तीच त्याची दुखरी जागा. किल्ली अशी : काटे आधी पेशीच्या पृष्ठभागावरच्या साखरेच्या साखळ्यांना चिकटतात. मग जीबी, जीएच आणि जीएल ही तीन प्रथिनं मिळून विषाणूचं आवरण आणि पेशीचं आवरण एकमेकांत मिसळवतात, तेलाचे दोन थेंब एक व्हावेत तसं. डबी अलगद आत उतरते. दुखरी जागा अशी : साबणाने हे स्निग्ध आवरण विरघळतं आणि आवरण गेलं की उरलेला कण बिनकामाचा.

आत आलेली डबी स्वतः चालत नाही. पेशीत मालवाहतुकीसाठी सूक्ष्म नळ्यांचे मार्ग असतात, त्यांवरून पेशीचीच वाहक प्रथिनं तिला केंद्रकापर्यंत नेऊन सोडतात. केंद्रकाच्या छिद्राला डबी टेकते, आतला डीएनए छिद्रातून केंद्रकात जातो, रिकामी डबी बाहेरच राहते. डीएनएची दोन टोकं जुळून कडं तयार होतं आणि मग कामाला क्रम लागतो. पहिल्या पाळीतली जनुकं पेशीची यंत्रणा ताब्यात घेतात. दुसऱ्या पाळीत डीएनएच्या नकला काढणारी अवजारं बनतात. तिसऱ्या पाळीत डबीचे आणि काट्यांचे भाग. दुसरी पाळी लक्षात ठेवा, औषध नेमकं तिथेच अडवतं.

नव्या डब्या केंद्रकातच भरल्या जातात. केंद्रकाचं आवरण ओलांडून त्या बाहेर येतात, गॉल्जी नावाच्या पेशीच्या बांधणी-विभागाजवळ त्यांना अखेरचं आवरण चढतं आणि मग त्या पेशीबाहेर पडतात किंवा थेट शेजारच्या पेशीत घुसतात.

मुलगा रुग्णाजवळ बसला त्याला पंधरा दिवस झाले, काही झालं नाही. सुटलो का?

अजून नाही. संसर्गापासून पुरळ उठेपर्यंत १० ते २१ दिवस जातात, बहुतेकांना १४ ते १६. विषाणू श्वासावाटे येतो, घशाच्या वरच्या भागातल्या आणि टॉन्सिलमधल्या पेशींत वाढतो, तिथे टी-लसिकापेशींना, म्हणजे रक्तातल्या टी-पेशींना, गाठतो. या पेशी खरं तर पहारेकरी. पण विषाणू त्यांच्याच पाठीवर बसून रक्तातून त्वचेपर्यंत पोचतो. तिथेही लगेच फोड येत नाही, कारण लागण झालेल्या पेशीच्या शेजारणी इंटरफेरॉन नावाची विषाणूला अडवणारी प्रथिनं सोडून त्याला बरेच दिवस रोखून धरतात. एकविसावा दिवस उलटला तरच सुटलो म्हणायचं.

घरात ज्याला आधी कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही नाही, त्याला घरातल्याच रुग्णाकडून लागण होण्याची शक्यता जवळपास ९० टक्के. ‘एकाला खोलीत ठेवलं म्हणजे दुसरा वाचला’ असं सहसा होत नाही. शिवाय पुरळ दिसण्याआधी एक-दोन दिवस रोगी विषाणू वाटत असतो, तेव्हा कोणाला ठाऊकच नसतं.

फोड पाण्यासारखा, मग पिवळसर, मग खपली. आत काय चाललेलं असतं?

त्वचेच्या पेशी विषाणूने भरल्या की फुगतात, एकमेकींचा हात सोडतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत द्रव साठतो. आवरणं मिसळवणारी ती तीन प्रथिनं इथे आणखी एक उद्योग करतात : शेजारशेजारच्या पेशींनाच एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांची राक्षसी पेशी बनवतात. फोडाच्या तळाचा नमुना काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी शोधणं म्हणजे झांक चाचणी. स्वस्त आहे, पण ओठाचा हर्पिस आणि नागीण यांत ती फरक करू शकत नाही.

पहिल्या दिवसाच्या फोडात स्वच्छ द्रव आणि भरपूर मोकळे विषाणू असतात. तो फुटला तर लागण होते. एक-दोन दिवसांत पांढऱ्या पेशी धावून येतात, द्रव गढूळ होतो. लोक त्याला ‘पू झाला’ म्हणून घाबरतात, पण प्रत्येक गढूळ फोड म्हणजे जंतुसंसर्ग नव्हे. फोडाभोवती लाली पसरत चालली, जागा गरम आणि दुखरी झाली, उतरलेला ताप पुन्हा चढला, तर मात्र जिवाणू शिरले असं समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सुकलेल्या खपलीतून रोग पसरत नाही.

कांजिण्यांची खूण म्हणजे एकाच जागी सगळ्या वयाचे फोड : लाल ठिपका, ताजा पाणीदार फोड आणि खपली शेजारी शेजारी. लस न घेतलेल्या मुलाला साधारण २५० ते ५०० फोड येतात. छाती, पाठ आणि चेहरा जास्त, हातपाय कमी. तळहात-तळपाय आणि तोंड यांवरच भर असेल तर हँड-फूट-माउथचा विचार करावा, तो निराळा विषाणू.

शाळेत कधी पाठवायचं? आणि गेरला?

शेवटच्या फोडावर खपली धरली की शाळा. बहुधा पुरळ उठल्यापासून पाच ते सात दिवस. खपल्या गळून पडेपर्यंत थांबायची गरज नाही. गेरला मात्र नको. राजवाड्याची गर्दी हे एक कारण, आणि ताज्या त्वचेवर गुलाल आणि टँकरचं पाणी हे दुसरं. वार्षिक परीक्षा मध्येच आली तर शाळेला आधी कळवा. गप्प बसून मुलाला बाकावर बसवलं तर अख्खा वर्ग तीन आठवड्यांनी आडवा होतो.

अंघोळ बंद, फोडणी बंद, खाली कडुनिंबाचा पाला. यातलं काय पाळायचं?

अंघोळ बंद करू नका. रोज कोमट पाणी आणि सौम्य साबण, टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. मळ साचला की खाज वाढते, खाजवलं की नखातले जिवाणू आत जातात, आणि व्रण त्यातूनच राहतात. नखं पहिल्याच दिवशी कापा.

कडुनिंबाच्या डहाळीने पाठ हलकेच झाडली तर नखाने खाजवण्यापेक्षा बरंच, तेवढ्यापुरता विरोध नाही. पाल्याचा वाटलेला लेप फुटलेल्या फोडांवर नको. कॅलामाइन लोशन चालतं, डोळ्यांपासून दूर.

फोडणीचं म्हणाल तर परंपरेत तथ्य आहे, फक्त कारण दुसरं. फोड तोंडात आणि घशातही येतात, तिखट-तेलकट झोंबतं. मऊ खिचडी, दहीभात, गार दूध, पातळ वरण. इंदूरच्या मुलाला शेव तोडणं ही शिक्षा आहे हे मान्य, पण ती टोचते. मीठ बंद करण्याला काही आधार नाही आणि तापातल्या मुलाला उपाशी ठेवणं चूक. शीतला सप्तमीचं गार जेवण शिळं असतं, तेवढं आजारी मुलाला देऊ नये.

तापाला काय द्यायचं?

पॅरासिटामॉल. वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत सहा तासांचं अंतर, दिवसातून चारांहून जास्त नाही. २० किलोच्या मुलाला एका वेळी ३०० मिलिग्रॅम. सिरप घेताना बाटलीवर दर ५ मिलिलीटरला किती मिलिग्रॅम ते वाचा, १२५ आणि २५० दोन्ही मिळतात आणि घोटाळा इथेच होतो.

अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात नको. कांजिण्यांत त्याने रे सिंड्रोम म्हणजे यकृत आणि मेंदूला सूज येण्याचा धोका असतो. आयब्युप्रोफेनही टाळा, त्वचेतल्या गंभीर जिवाणूसंसर्गाशी त्याचा संबंध दिसलेला आहे. घरात उरलेलं ‘ताप-अंगदुखीचं’ जोडऔषध असतं त्यात बरेचदा आयब्युप्रोफेन असतंच, पाकिटामागे बघा.

कांजिण्या मोठेपणी झाल्या तर? आणि सून गरोदर आहे.

मोठ्यांत आजार जड जातो, मुख्य भीती न्यूमोनियाची. खोकला, दम किंवा छातीत दुखणं सुरू झालं तर घरी थांबायचं नाही. प्रौढांना पुरळ उठल्यापासून २४ तासांत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर आजार हलका होतो.

गरोदर बाईला लहानपणी कांजिण्या झाल्या असतील तर काळजी नको. आठवत नसेल तर रक्तातली आयजीजी, म्हणजे या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) शोधणारी, चाचणी करून घ्या, अनेकदा ती पॉझिटिव्ह निघते आणि घर शांत होतं. निगेटिव्ह असेल आणि संपर्क आला असेल तर दहा दिवसांच्या आत खास इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, देता येतं, म्हणून संपर्काच्या दिवशीच स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन करा. पहिल्या वीस आठवड्यांत आईला कांजिण्या झाल्या तर बाळात व्यंग येण्याची शक्यता असते, पण थोडी : तेराव्या ते विसाव्या आठवड्यात ती सर्वाधिक, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास. बाळंतपणाच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आईला पुरळ आलं तर धोका नवजाताला असतो, कारण आईची प्रतिपिंडं त्याच्यापर्यंत पोचलेली नसतात.

बरं झाल्यावर विषाणू जातो कुठे?

जात नाही. त्वचेतल्या चेतातंतूंच्या टोकांतून तो आत शिरतो आणि तंतूच्या आतून उलटा प्रवास करत मज्जारज्जूलगतच्या चेतापेशींच्या गाठीत पोचतो. रक्तातल्या टी-पेशींवरूनही तो तिथे जाऊ शकतो. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना अशा गाठींची ओळ असते, चेहऱ्यासाठी कानाच्या पुढे कवटीत एक मोठी असते. तिथे त्याचा डीएनए कड्याच्या रूपात केंद्रकात पडून राहतो. जवळजवळ सगळी जनुकं बंद. प्रथिनं बनत नाहीत म्हणून पहारेकऱ्यांना दिसण्यासारखं काही नाही, नकला निघत नाहीत म्हणून औषधाला अडवण्यासारखं काही नाही. ‘गोळ्या घेऊन मुळासकट काढून टाका’ ही मागणी म्हणूनच पुरी होत नाही.

मग साठीत तो उठतो कशामुळे?

त्याला दाबून ठेवणारं बळ टी-पेशींचं असतं, प्रतिपिंडांचं नव्हे. हे बळ पन्नाशीनंतर ओसरत जातं. दीर्घकाळचे स्टिरॉइड, केमोथेरपी, अवयवरोपणानंतरची औषधं, एचआयव्ही, संधिवाताची काही नवी औषधं यांनी ते लवकर ओसरतं. मग एखाद्या गाठीतला विषाणू पाळ्या पुन्हा सुरू करतो आणि त्याच तंतूतून, आता सुलट दिशेने, त्वचेकडे येतो. ‘उष्णता वाढली’, ‘आंबे जास्त झाले’ ही कारणं नाहीत.

तरुणाला एकदा नागीण झाली म्हणून लगेच घाबरू नये. मात्र पुरळ अनेक पट्ट्यांत पसरलं किंवा पुन:पुन्हा आलं तर एचआयव्ही आणि साखर तपासून घ्यावी.

नागिणीचं वेटोळं पूर्ण झालं की माणूस दगावतो, हे खरं का?

नाही, आणि का नाही ते शरीराच्या रचनेतच आहे. एका गाठीतून निघालेला चेतातंतू शरीराच्या एकाच बाजूचा एक पट्टा सांभाळतो : पाठीच्या मध्यरेषेपासून छाती-पोटाच्या मध्यरेषेपर्यंत, अर्धा पट्टा. विषाणू जागा होतो तो बहुधा एकाच गाठीत, म्हणून पुरळ मध्यरेषेशी येऊन थांबतं. दोन्ही बाजूंच्या एकाच पातळीवरच्या गाठी एकाच वेळी उठल्या तरच वेटोळं जुळेल, आणि ते अगदी क्वचित घडतं. घडलं तरी जीव वेटोळ्याने जात नाही. धोका असतो तो प्रतिकारशक्ती फार खालावलेल्याला, जेव्हा विषाणू फुप्फुसात किंवा मेंदूत पसरतो.

ही समजूत नुसती चुकीची असती तर सोडून दिली असती. पण तिच्यामुळे घरातले लोक फोड कुठवर आले ते मोजत बसतात आणि औषधाचे तास निघून जातात.

पुरळ काहीच नाही, पण बरगडीखाली आग होते. नागीण असू शकते का?

असू शकते. विषाणू तंतूतून येताना वाटेत सूज आणतो, त्यामुळे पुरळाच्या आधी एक ते पाच दिवस ठणका, आग, मुंग्या, चुणचुण सुरू होते. ठरलेली खूण म्हणजे हलका स्पर्श सहन न होणं : सदरा नको वाटतो, पदर टोचतो, पण जोरात दाबलं तर तितकं दुखत नाही. एकाच बाजूला, पट्ट्यासारखं. उजवीकडे असलं की पित्ताशयाची सोनोग्राफी होते, कमरेला असलं की मुतखड्याची. डावीकडे छातीत असेल तर ‘नागीणच असेल’ म्हणून घरी बसू नका, आधी ईसीजी. रोज संध्याकाळी त्या बाजूची पाठ दुसऱ्याकडून उजेडात बघून घ्या, पहिले ठिपके बरेचदा मणक्याजवळ उठतात आणि स्वतःला दिसत नाहीत.

इंदुरात म्हणतात ‘मकड़ी मूत गई’, म्हणजे कोळी अंगावर मुतला. तीच नागीण का?

कधी हो, बरेचदा नाही. पावसाळ्यात दिव्याभोवती एक बारीक, लांबट, काळा-नारिंगी पट्ट्यांचा भुंगेरा येतो. तो चावत नाही. मानेवर बसला आणि झोपेत हाताने चिरडला की अंगातलं पेडेरिन त्वचेवर पसरतं आणि एक-दोन दिवसांत चटक्यासारखा लांबट वळ उठतो, त्यावर बारीक फोड. कोळ्याचा यात काही दोष नाही. फरक असा ओळखावा : भुंगेऱ्याचा वळ चिरडल्या दिशेने जातो, कोपराच्या घडीत असला तर समोरासमोर दोन छाप उठतात, आधी दुखलेलं नसतं. नागिणीत दुखणं आधी, मग झुपक्यांनी फोड, आणि झुपके पट्ट्यातच. भुंगेरा अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा, जागा साबणाने धुवा.

गोळ्या कोणत्या, किती, कधीपर्यंत?

पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत. नवे फोड येत असतील, डोळ्याजवळ असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर नंतरही देतात. मूत्रपिंड ठीक असलेल्या प्रौढाची नेहमीची मात्रा अशी :

अ‍ॅसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. म्हणजे सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. एकूण ३५ गोळ्या. किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम, दिवसातून तीन वेळा, सात दिवस. किंवा फॅमसायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम, तेवढ्याच वेळा.

पाच वेळा का? अ‍ॅसायक्लोव्हिर पोटातून जेमतेम १५ ते ३० टक्के रक्तात जातं आणि लवकर बाहेर पडतं. मधली एक-दोन चुकली की पातळी कोसळते. ज्यांना पाच वेळा जमणार नाही त्यांनी डॉक्टरांना तसं सांगून तीन वेळांचं औषध लिहून घ्यावं.

औषधाची चाल मोठी देखणी आहे. ते डीएनएच्या एका अक्षराची हुबेहूब नक्कल असतं, पण निष्क्रिय. त्याला पहिला फॉस्फेट जोडतं ते विषाणूचंच थायमिडिन कायनेज नावाचं प्रथिन, म्हणजे विषाणू नसलेल्या पेशीत ते झोपलेलंच राहतं. जागं झालं की नकला काढणारं यंत्र त्याला साखळीत ओवतं आणि पुढची कडी अडकवायला जागाच नसल्याने साखळी तिथे तुटते. हे औषध ज्यांच्या प्रयोगशाळेतून आलं त्या गर्ट्रूड एलियन यांना औषधसंशोधनासाठी १९८८ चं नोबेल विभागून मिळालं.

चुका ठरलेल्या आहेत. दवाबाजारातून अ‍ॅसायक्लोव्हिरची ट्यूब आणून लावत बसणं : विषाणू गाठीत आणि तंतूत, मलम कातडीवर, उपयोग नाही. दुसरी चूक, २०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा : ती मात्रा ओठा-जननेंद्रियाच्या हर्पिसची, नागिणीचा विषाणू या औषधाला कमी दबतो म्हणून चौपट लागते. तिसरी, मूत्रपिंडाचा त्रास लपवणं : मात्रा कमी केली नाही तर औषध साठून म्हाताऱ्या माणसाला भ्रम होतो. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) जुना रिपोर्ट सोबत न्या, आणि औषध चालू असेपर्यंत पाणी भरपूर.

कोणत्या नागिणीत त्याच दिवशी धावायचं?

कपाळ, पापणी, नाक. नाकाच्या शेंड्यावर फोड असेल तर डोळ्याच्या आत जाणारी शाखाही त्याच तंतूची, म्हणून डोळा लाल नसला तरी नेत्रतज्ज्ञ त्याच दिवशी. कानात फोड आणि तोंड वाकडं झालं, ऐकू कमी येऊ लागलं, चक्कर आली, तर तेही तातडीचं. भ्रम, मान ताठणं, अनेक पट्ट्यांत पसरलेलं पुरळ, लघवी अडकणं, यांतलं काहीही असेल तर थेट मोठं रुग्णालय.

आजीला नागीण आहे. दोन वर्षांच्या नातवाला जवळ घेऊ द्यायचं का?

नागिणीपासून नागीण होत नाही. फोडातल्या पाण्याचा स्पर्श झाला तर ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात. पुरळ कोरड्या जाळीने आणि कपड्याने झाकलेलं असेल, हात धुतलेले असतील, तर आजीने गोष्ट सांगायला हरकत नाही. खपल्या धरेपर्यंत मांडीवर घेणं टाळा. नवजात, गरोदर आणि केमोथेरपी चालू असलेल्यांना दूर ठेवा.

फोड गेले, ठणका गेला नाही.

तीन महिन्यांनंतरही टिकला तर त्याला नागिणीनंतरचा चेताशूल म्हणतात. विषाणू आता शांत आहे, पण गाठीतल्या काही पेशी मेल्या, काही तंतू सोलले गेले आणि ते विनाकारण इशारे पाठवत राहतात. म्हणून अँटिव्हायरलचा दुसरा कोर्स कामाचा नाही आणि साध्या वेदनाशामकांनी भागत नाही. गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन यांपैकी काही थोड्या मात्रेपासून वाढवत नेतात. पहिले आठ-दहा दिवस गुंगी येते, रात्री घ्यावं, अचानक तोडू नये. प्रोस्टेट किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर अ‍ॅमिट्रिप्टिलिन सुरू करण्याआधी सांगा. लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे पट्टे अखंड त्वचेवर लावता येतात, ताज्या फोडांवर नाही. घट्ट बनियनपेक्षा मऊ जुना सुती सदरा बरा. स्टिरॉइडने सुरुवातीचा ठणका थोडा कमी होतो, पण हा नंतरचा शूल टळत नाही, आणि मधुमेह्याची साखर चढते ती वेगळीच.

मंत्राने उतरते असं शेजारी शपथेवर सांगतात.

नागीण दोन ते चार आठवड्यांत आपणहून सुकते, त्यामुळे मधल्या काळात जे केलं त्याला श्रेय मिळतं. मंत्राने अपाय नाही, उशिराने आहे. गेरूचा, मातीचा लेप उघड्या फोडांवर लावला तर जिवाणू आत जातात. गोळी सुरू करून मग ज्याला जे म्हणायचं ते म्हणावं.

रक्त तपासायचं का?

बहुतेकांना गरज नाही, डोळ्यांनी निदान होतं. शंका असेल तर फोडाच्या तळाच्या नमुन्याचा पीसीआर. आयजीजी पॉझिटिव्ह आली म्हणजे नागीण आहे असं नव्हे, ती कांजिण्या झालेल्या प्रत्येकाची येते.

लस कोणाला?

दोन वेगळ्या लशी आहेत, त्यांची गल्लत होते.

कांजिण्यांची लस जिवंत पण दुबळ्या विषाणूची. जपानच्या मिचियाकी ताकाहाशी यांनी ओका नावाच्या वाणापासून ती १९७४ मध्ये तयार केली. भारतातले बालरोगतज्ज्ञ पहिली मात्रा पंधराव्या महिन्यात आणि दुसरी तीनेक महिन्यांनी देतात. सरकारी मोफत यादीत ती नाही, विकत घ्यावी लागते. पावडर द्रवात मिसळल्यावर अर्ध्या तासात टोचली पाहिजे, तेव्हा कुपी तुमच्यासमोर मिसळायला सांगा. गरोदरपणात नाही. संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत दिली तरी उपयोग होतो. लस घेऊनही कोणाला कांजिण्या झाल्या तर फोड सहसा पन्नासाच्या आत.

नागिणीची लस जिवंत नाही. त्यात विषाणूच्या आवरणावरचं जीई हे एकच प्रथिन आणि टी-पेशींना जोरात जागं करणारं सहायक द्रव्य असतं. भारतात ती २०२३ पासून मिळते. पन्नाशीनंतर दोन मात्रा, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने, दंडात. चाचण्यांत सत्तरीच्या आतल्यांना सुमारे ९७ टक्के आणि सत्तरीपुढे ९० टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिसलं. महाग आहे, दंड दुखतो, एक-दोन दिवस कणकण येते, म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी घेऊ नका. नागीण होऊन गेली असेल तरी घेता येते, पुरळ पूर्ण बसल्यावर.

रुग्णाच्या चादरी-कपडे जाळायचे का?

छे. नेहमीचा साबण, गरम पाणी, कडक ऊन. टॉवेल मात्र खपल्या धरेपर्यंत वेगळा.